जरा उशिरा आलेलं ‘नाही’

आमगावात घरी बसून पगार मिळवणाऱ्या माणसाकडे लोक दयेनं बघतात. मी सकाळी माडीवरच्या खोलीत जातो, संध्याकाळी डोळे चोळत खाली येतो, आणि मधल्या वेळात माझ्या हातून ना धान कापलं जातं ना पोतं उचललं जातं. मला नोकरी आहे हे बाबा सगळ्यांना सांगतात, पण ज्या आवाजात सांगतात त्यावरून ऐकणाऱ्याला वाटतं, पोराला काहीतरी झालंय आणि घरचे लपवून राहिलेत.

काम समजावून सांगणं सोपं नाही. तुम्ही फोनवरून विजेचं बिल भरता तेव्हा तुमचे आकडे वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून ते कुलूपबंद करून पाठवतात. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. त्याचं गणित दरेकानं नव्यानं लिहायला घेतलं तर दरेकजण नव्यानं चुकेल, म्हणून काही जणांनी ते एकदाच लिहून सगळ्यांसाठी ठेवलंय. अशा साठ्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. त्यातल्या एका लायब्ररीची डागडुजी करणं हे माझं काम. शेजारच्या काकांना मी हे एकदा सविस्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि नातवासाठी सहावीचं गणिताचं गाईड मागितलं. मी ते बाजारातून विकत आणून दिलं. पुन्हा समजावण्यापेक्षा स्वस्त पडलं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट सांगतो. त्या वेळी माझ्या पोटात एक गुपित होतं, आणि ते माझं नव्हतं, धाकट्या बहिणीचं होतं.

बहीण इथल्याच एका खाजगी शाळेत शिकवते. तिनं कुणाला न सांगता वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा दिली आणि ती पास झाली. आता उरली होती मैदानी परीक्षा. त्यात ठरलेल्या वेळात बरंच लांब अंतर चालून दाखवावं लागतं. त्याचा सराव करायला मी तिला रोज सकाळी मोटरसायकलनं गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सोडत होतो. घरी सांगितलं होतं की शाळेत जादा तास सुरू झालेत.

लपवायचं कारण बाबा. आमच्या ओळखीतली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी वनरक्षक झाली, तेव्हा बाबा जेवता जेवता म्हणाले होते, “पोरीले वाघाच्या दारी पगाराले पाठवते काय कोनी? आपल्या घरी हे होनार नाई.” बाबा रागीट नाहीत. पण एकदा ‘होनार नाई’ म्हटलं की ते होत नाही. परीक्षेआधी त्यांना कळलं असतं तर बहिणीला त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकता आलं नसतं. पास झाल्यावर कळलं तर गावभर पेढे वाटायची वेळ आलेली असते, तिथे नाही म्हणणं कठीण. एवढाच तिचा हिशेब होता.

मला विश्वासात घेताना तिनं एकच सूचना दिली.

“दादा, तू कहानी रचू नको. तुले जमत नाई. कोनी काही विचारलं तं फक्त नाई म्हन.”

एका शब्दाचं काम होतं. मला वाटलं, एवढं तर मला जमेल.

मग मंडई आली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावची मंडई सुरू होते. आज या गावची, परवा त्या गावची. लेकीबाळी, पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि अर्ध्या जिल्ह्याची लग्नं तिथेच बोलण्यात पडतात. आमच्या मंडईला दरवर्षी अर्जुनी मोरगावहून बाबांची मोठी बहीण येते, पिशवीभर शिंगाडे आणि एखाददुसरं स्थळ घेऊन. या वर्षी शिंगाडे जास्त होते आणि स्थळ एकच होतं, पण पक्कं. माझ्या बहिणीसाठी.

आल्या दिवशी दुपारी आत्याबाई परसात उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. आई चकल्या तळत होती. बायको तिला पीठ मळून देत होती. मी पाणी प्यायला खाली आलो आणि सापडलो.

“काऊन गा, दिवसभर वरतं काय करतेस?” आत्याबाईनं विचारलं.

“काम.”

“कोनतं?”

आईनं झाऱ्यावरची नजर हलवली नाही, पण चकल्या उलटायची थांबली. तिलाही कित्येक दिवसांपासून हेच विचारायचं असावं. बायको गोंदियाची, शहरातली, हिंदीत वाढलेली. तिनं लग्नाच्या वेळी एकदा विचारलं होतं आणि नंतर सोडून दिलं होतं. आता तिनंही मान वर केली. तीन बायका माझ्या पोटापाण्याच्या उद्योगाबद्दल ऐकायला तयार बसल्यात, असा योग आयुष्यात पहिल्यांदा आला होता. मी पाटावर बसलो आणि बोलायला लागलो. इथेच माझं चुकलं.

“समजा, आपल्या दारात एक पहारेकरी बसवला,” मी म्हणालो. “त्याले एक शब्द सांगून ठेवला. येनाऱ्यानं तो शब्द सांगाचा, तवाच आत सोडाचं. आता पहारेकरी काय करते, एकेक अक्षर ताडून पाहते. पहिलंच अक्षर चुकलं की लगेच म्हनते, नाई. पहिलं बरोबर निघालं अन् दुसरं चुकलं, तं त्याले जरासा वेळ जास्त लागते. मंग म्हनते, नाई.”

“बरं.”

“चोराले शब्द माहीत नाई. पन तो दरेक अक्षर टाकून पाहते अन् घड्याळ लावून बसते. ज्या अक्षराले ‘नाई’ जरा उशिरा आलं, ते पहिलं अक्षर. ते पकडून मंग दुसरं शोधते. असं करत करत सगळा शब्द हाती येते.”

आत्याबाई सोलायची थांबली.

“म्हंजे पहारेकऱ्यानं तोंडानं काहीच नाई सांगतलं.”

“नाई.”

“पन सांगतलंच.”

“हो.”

“येडाच हाये मंग तो पहारेकरी.”

“मीच लिवला हाये तो,” मी म्हणालो.

आईला ठसका लागला. बायको म्हणाली, “इसके पैसे देते है वो लोग?”

“आता दुरुस्तही मीच करून राहिलो,” मी घाईघाईनं सांगितलं. “संगणकात हा फरक डोळ्यानं दिसत नाई इतका बारीक असते. पन हजारदा विचारलं तं मोजता येते.”

आत्याबाईनं एक सोललेला शिंगाडा माझ्या हातावर ठेवला. “हुशार हायेस गा,” ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी अजून थोडा वेळ बसून तिला बारकावे समजावले. कोणता प्रश्न आधी विचारायचा, पुढचा कसा ठरवायचा, सगळं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तीच जागा, तेच शिंगाडे. आई शेजारी गेली होती. आत्याबाईनं मला बसवून घेतलं.

“पोरीसाठी स्थळ आनलं. पन तिच्या मनात काय हाये, ते आधी समजाले पाहिजे ना? तू सांग. तिचं कोनावर मन हाये?”

“नाही.” हे खरंच होतं, म्हणून मी जवळजवळ आनंदानं म्हणालो.

“शाळेत कोनासंग वाजलं?”

“नाही.”

“दुसरी नोकरी पाहून राहिली?”

मी शिंगाडा तोंडात टाकला. तो चावला, गिळला, पेला उचलला, त्यात चहा नाही हे पाहिलं, पेला ठेवला आणि म्हणालो, “नाही.”

आत्याबाईची नजर हातातल्या सुरीवरून हलली नाही. “खाजगी?”

“नाही.”

“सरकारी?”

परसात शेजाऱ्यांची कोंबडी आली होती. मी तिला हाकललं. “नाही.”

“मास्तरनीची?”

“नाही.”

“दवाखान्याची?”

“नाही.”

“पोलिसातली?”

आता हे ‘नाही’ खरं होतं, तेव्हा लगेच यायला हरकत नव्हती. पण गणवेश आणि मैदानी परीक्षा दोन्हीकडे असतात. त्यामुळे ते अर्ध्यात अडखळलं आणि मगच बाहेर पडलं. आत्याबाईनं मान हलवली, भाजीवालीनं जुडीचा भाव बरोबर लावला की गिऱ्हाईक हलवतं तशी.

मला वरून मीटिंगचं बोलावणं आलं असं सांगून मी उठलो. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर उजेड पडला. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. मी काल शिकवलेला धडा आत्याबाईनं आज माझ्यावरच गिरवला होता आणि मी पहारेकऱ्याच्या खुर्चीत आपण होऊन जाऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर पोचल्यावर मी बहिणीला सांगितलं. तिनं बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं.

“कुठपर्यंत पोचली ते?”

“सरकारी. गनवेशाची.”

“अन् तू काय काय सांगतलंस?”

“काहीच नाई. सगळ्याले नाईच म्हटलं.”

“कसं म्हटलंस? म्हनून दाखव.”

मी म्हणून दाखवलं, चहाच्या पेल्यासकट. तिनं कपाळाला हात लावला. “दादा, तुझ्या ‘नाई’ले शेपूट हाये. परीक्षा आठ दिवसावर हाये, तोवर ते शेपूट कापून टाक.”

ती ताडताड चालत निघून गेली. मी पाळीवर बसून विचार करत राहिलो, आणि मला ते नेहमीसारखं कामातूनच सुचलं. लायब्ररीतल्या पहारेकऱ्याला मी नुकतीच एक दुरुस्ती केली होती. प्रत्येक ‘नाही’च्या आधी मनाला येईल तितकं थांबायचं. कधी कमी, कधी जास्त. म्हणजे उशीर कशामुळे झाला ते चोराला कळणार नाही. हेच घरी करायचं ठरवलं.

त्या दिवशी मी कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही. कधी खोकलो, कधी चष्मा पुसला, कधी लगेच बोललो. आत्याबाईनं सकाळी नळावर विचारलं, “नोकरी गावाबाहेरची हाये काय?” मी खोकून नाही म्हणालो. दुपारी पुन्हा तेच विचारलं, मी लगेच नाही म्हणालो. संध्याकाळी वाती करता करता पुन्हा. दुसऱ्या दिवशी दात घासताना पुन्हा. मधे मधे ती भलतंसलतं विचारून माझा नेहमीचा वेग पाहून घ्यायची.

त्याच दिवशी आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी माझी दुरुस्ती परत पाठवली. त्या दुसऱ्या शहरात असतात आणि मला पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनात दिसतात.

“असं उगाच थांबून काही होत नाही,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ वेळा विचारून सरासरी काढली की तुमचं खोकणं वजा होतं आणि खरा फरक उरतो. चोराला फक्त जास्त वेळ बसावं लागतं. आणि चोराला घाई नसते.”

मी त्यांच्याशी खोकण्याबद्दल काही बोललो नव्हतो. तो त्यांचा आपला दृष्टांत होता. पण खाली परसात घाई नसलेली बाई वाती वळत बसली होती आणि तिचा मुक्काम अजून तीन गावच्या मंडया होईपर्यंत होता.

मग मी दुसरा उपाय काढला. प्रत्येक उत्तराला सारखाच वेळ. लायब्ररीत मी पहारेकऱ्याला सांगितलं की पहिलं अक्षर चुकलं तरी लगेच बोलू नकोस, उरलेली अक्षरं उगाच ताडल्यासारखी कर आणि मगच नाही म्हण. घरी मी ठरवलं की प्रश्न कोणताही असो, आधी मनात तेराचा पाढा पूर्ण म्हणायचा.

सकाळी बाबांनी विचारलं, “दुकानाची चावी पाहिली काय?”

तेर एके तेर. चावी माझ्या समोर खुंटीवर होती. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. तेर नव्वे पाशी ते आईला म्हणाले, “याले काय झालं?”

“चावी खुंटीवर हाये,” मी म्हणालो.

आईनं विचारलं, “पोहे देऊ?” मी पाढा सुरू केला. आईनं पोहे घेऊन स्वतःच खाल्ले. दुपारपर्यंत घरात कुजबुज सुरू झाली. आईला लकव्याची शंका आली. तिनं मला दोन्ही हात वर करायला सांगितले आणि ते मी पाढा झाल्यावर केले, त्यामुळे शंका पक्की झाली. बाबा म्हणाले की गोंदियाला डॉक्टरला दाखवू. बायको म्हणाली, “सुबह से ऐसेच कर रहे. कुछ नही हुआ, कामचोरी है.”

माझी बायको झपाट्याची आहे. नुसतं बसून राहिलेलं माणूस आणि भांडं तिला बघवत नाही. मी उत्तराला वेळ लावतो म्हटल्यावर तिनं माझ्या वतीनं उत्तरं द्यायला सुरुवात केली. “चहा घेतोस?” “हां, लेंगे.” “मोटरसायकलमंधी पेट्रोल हाये?” “है, कल भरा.” मी तेर चोकवर असताना संवाद संपलेला असायचा.

संध्याकाळी सगळे अंगणात बसले होते. बहीण आत होती. आत्याबाईनं सहज विचारल्यासारखं मला विचारलं, “पोरगी सकाळी शाळेतच जाते ना?”

मी पाढा सुरू केला आणि बायकोच्या उत्तराची वाट पाहिली. बायको बोलली नाही. तिला माहीत नव्हतं. माझ्या रोज सकाळच्या मोटरसायकलफेऱ्यांमागे काय आहे याचा तिलाही संशय होताच, तेव्हा तीही मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. बाबा बघायला लागले. दिवसभरात घरातला हा एकच प्रश्न असा निघाला, ज्याला कुणीच पटकन उत्तर दिलं नाही. मी पाढा विसरलो.

“तेर सक किती?” मी मोठ्यानं म्हणालो.

“अठ्ठ्याहत्तर,” बाबा म्हणाले. “उद्या गोंदियाले चाल.”

वर गेलो तर प्रमुख बाईंचा निरोप आलेला. माझी दुसरी दुरुस्तीही गळत होती. आम्ही लिहितो ते यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक कारभारी असतो, कंपायलर. तो फार कार्यक्षम. ज्या कामानं उत्तरात काही फरक पडत नाही ते काम तो परस्पर काढून टाकतो. मी पहारेकऱ्याकडून जे उगाचचं ताडणं करवत होतो, ते कंपायलरनं फालतू म्हणून छाटून टाकलं होतं. पहारेकरी पुन्हा पहिल्यासारखा पटकन ‘नाही’ म्हणत होता. बाईंनी लिहिलं होतं, “तुम्ही उतरवलेला कोड तपासून पाहिला होता का?” मी माझ्या कंपायलरशी लग्न केलेलं असून मला हे आधी सुचू नये याची मला लाज वाटली.

डॉक्टरांची भेट कशीबशी टाळली. सकाळी पाळीवर बहिणीला सगळं सांगितलं. ती चालताना दमलेली होती, हसायला तिला श्वास नव्हता, तरी हसली.

“तू उत्तर देतेसच कायले?” ती म्हणाली. “कोनी काही विचारलं तं म्हन, तिलेच विचारा. खतम.”

आणि गंमत अशी की लायब्ररीतला खरा उपायही याच जातीचा निघाला. पहारेकऱ्यानं मधे कुठेच काही ठरवायचं नाही. सगळी अक्षरं ताडायची, प्रत्येक ठिकाणचा फरक एका टोपलीत टाकत जायचा, टोपलीत डोकावायचं नाही, आणि अगदी शेवटी एकदाच बघायचं की टोपली रिकामी आहे की नाही. हे काम फालतू नसतं, उत्तर त्याच्यावरच ठरतं, म्हणून कंपायलर सहसा त्याला हात लावत नाही. मी तसं लिहिलं, उतरवलेला कोडही तपासला, आणि पाठवून दिलं. बाईंचं उत्तर आलं, “हं.” आमच्यात याला शाबासकी म्हणतात.

घरी मी ‘तिलेच विचारा’ सुरू केलं. सुरुवातीला अंगवळणी पडेना. आईनं विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का, मी म्हणालो, तिलेच विचारा. बाबांनी विचारलं, पाऊस येईल असं वाटते काय, तरी तेच. पण बोलायला पटकन यायचं, एका सुरात यायचं, आणि त्याला शेपूट नव्हतं.

दुपारी आत्याबाईनं शेवटचा खडा टाकला. “जंगलखात्यात लागून राहिली काय पोरगी?”

“तिलेच विचारा.”

एक क्षणही लागला नाही. मी मनातून खूश झालो. आत्याबाईनं माझ्याकडे पाहिलं, हात पदराला पुसले, उठली आणि आत गेली. तिलाच विचारायला.

लायब्ररीत ही भानगड नसते. तिथे गुपिताकडे थेट जाऊन कुणी विचारू शकत नाही. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो.

“जंगलात जातेस काय वो?” आत्याबाईनं विचारलं.

“हो,” बहीण म्हणाली. तिचं उत्तर माझ्यापेक्षा नेहमीच लवकर येतं.

“वाघ हाये तिकडं.”

“हाये.”

“भेव नाई लागत?”

“लागते. पन पालकसभेतही लागते.”

“तुझ्या बापाले माहीत हाये?”

“परीक्षा झाल्यावर सांगीन. आता सांगतलं तं जाऊ देनार नाई. आत्या, तू सांगशीन त्याले?”

मी खिडकीला कान लावला. आत्याबाई म्हणाली, “स्थळ मी पाहून ठेवलं होतं ते आता जमत नाई. त्याच्या घरी चुलीपाशी बायको पाहिजे. तुह्यासाठी सैपाक येनारा पोरगा पाहावा लागन, म्हंजे मले किती गावच्या मंडया फिराव्या लागतीन.” मग विचारलं, “परीक्षा कोनीकडं हाये?”

बहिणीनं सांगितलं. ते ठिकाण आत्याबाईच्या घराकडून जवळ पडत होतं.

दोन दिवसांनी आत्याबाईनं बाबांना सांगितलं की मला एकटीला घरी करमत नाही, पोरीला चार दिवस पाठव, शाळेतून रजा काढू दे. बाबांनी मोठ्या बहिणीला कधी नाही म्हटलेलं नाही. गोंदियाला गाडी बदलून दोघी अर्जुनीला गेल्या. निघताना बहीण माझ्या कानात म्हणाली, “तुझं काम झालं. आता दोनच दिवस तोंड सांभाळ.”

परीक्षेच्या दिवशी मला माडीवर बसवेना. रजा घेतली आणि बाबांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात जाऊन बसलो. धान कापणीची गर्दी होती. बाबा ताडपत्री मोजून देत होते. मधे जरा मोकळे झाले आणि सहज म्हणाले, “पोरगी अर्जुनीले बाईकडं काय करून राहिली असन?”

“तिलेच विचारा,” मी म्हणालो. पटकन, एका सुरात, सवयीनं.

“हो, बरं आठवलं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

बहिणीचा फोन चालताना सोबत नसणार, तो आत्याबाईकडे असणार, हे मला माहीत होतं. आत्याबाईनं उचलला. बाबांनी बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. मागे मैदानावरची गलबल ऐकू येत होती, कुणीतरी शिट्टी वाजवून भोंग्यावर ‘वनरक्षक’ असं काहीतरी पुकारत होतं.

“बाई, पोरगी कुठी हाये?”

आत्याबाई गप्प बसली.

माझ्या वडिलांनी साठ वर्षं या बहिणीचं बोलणं ऐकलंय. ती देवळात बोलते, गाडीत बोलते, दाढ काढून आली तरी बोलते. तिच्याकडून इतका वेळ आवाज न येणं हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फोन कानापासून जरा दूर धरला, माझ्याकडे पाहिलं. मी ताडपत्रीच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“जंगलाची परीक्षा,” बाबा म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

“चालून राहिली,” पलीकडून आत्याबाई म्हणाली. “आता अडवाले येशीन तं गाडी नाई मिळनार तुले.”

बाबा स्टुलावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. इतके दिवस आत्याबाई माझ्या थांबण्याचा अर्थ लावत होती, पण या थांबण्याचा मला काही केल्या लागेना. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि वीस बाय तीसची ताडपत्री मागू लागलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

“कितवी हाये?” त्यांनी फोनमध्ये विचारलं.

“मधात हाये. पुढच्या जरा थकून राहिल्या.”

“पानी पेली?”

“मले जवळ जाऊ देऊन नाई राहिले.”

“तिले म्हन, एकदम पळत सुटू नको. तिची सवय हाये ते.”

“म्या इथून वरडू काय?”

“वरड ना. तुह्या आवाजाले काय झालं?”

पलीकडून आत्याबाई खरंच ओरडली. इकडे दुकानात दोघे जण दचकले. बाबा म्हणाले, “ऐकलं काय तिनं?”

“ऐकलं. हात हालवला.”

“बरं. फोन ठेवू नको.”

गिऱ्हाईक तिसऱ्यांदा म्हणालं, “मालक, वीस बाय तीस.” बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उठलो, गठ्ठ्यातली एक ताडपत्री ओढली, गुंडाळली, बांधून दिली, पैसे घेतले. पुढच्या गिऱ्हाइकालाही दिली. मागे बाबा दर थोड्या वेळानं फोनमध्ये म्हणत होते, “आता?” आणि आत्याबाई सांगत होती, आता वळणावर, आता झाडापाशी, आता एकीला मागे टाकलं.

शेवटी पलीकडून एवढा कल्ला झाला की शब्द कळेनात. बाबा उभे राहिले. “वेळेत आली काय? बाई, वेळेत आली काय ते सांग.”

“आली,” आत्याबाई म्हणाली. “आता बसली खाली. बूट काढून राहिली.”

“फोन दे तिले.”

“थांब, तिले श्वास तं घेऊ दे.”

बाबा थांबले. मग फोनमधून माझ्या बहिणीचा धापा टाकणारा आवाज आला, “बाबा.” बाबा काही म्हणायच्या आतच पहिलं गिऱ्हाईक ताडपत्री खांद्यावर घेऊन परत आलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणालं, “मालक, या तुमच्या पोरानं पंधरा बाय वीसची देली हो.”

बाबांनी फोनवर हात ठेवला. “त्याले काही विचारू नका,” ते गिऱ्हाइकाला म्हणाले. “तिकडं गठ्ठा हाये, पाहून घ्या तुम्हीच.” आणि पाठमोरे होऊन बहिणीला विचारू लागले की नेमणूक नागझिऱ्याच्या जंगलात देतील का नवेगावच्या, आणि नवेगावात दिली तर रोज आत्याच्या घरून जाता येईल का.